काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट की सायकियाट्रिस्ट: बहिणीला आधी कुणाकडे न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाव खानापूर तालुक्यातलं, तुम्ही बेळगावला उद्यमबागेत कामाला, बहीण वीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गणपतीनंतर तिनं हळूहळू कॉलेज सोडलं. रात्र रात्र जागते, अंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, कॉलेजातल्या मुली आपल्याबद्दलच बोलतात असं म्हणते आणि रात्री एकटीच पुटपुटताना आईनं ऐकलंय. गावच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. कॉलेजच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, परीक्षेचं टेन्शन आहे, आठवड्यातून एकदा पाठवा. मामा म्हणतात धारवाडला न्या. आई देवऋष्याकडे जाऊन आली. आणि तुम्ही विचारलंय की सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, काउन्सेलर यांच्यात नेमका फरक काय.

फरक सांगते. पण मला वाटतं तुमची खरी अडचण फरकाची नाही, पहिलं दार कुठलं ठोठवायचं याची आहे. त्याचं उत्तर आधी घ्या: सायकियाट्रिस्ट, आणि याच आठवड्यात.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, बेळगावातल्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीत. गोळ्या लिहायचा अधिकार मला नाही, त्यामुळे कुणाच्या दुकानाची जाहिरात करतेय असं समजू नका. सायकियाट्रिस्ट म्हणण्यामागचं कारण तुमच्याच मजकुरात आहे. झोप जाणं, अंघोळ सुटणं, लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटणं, एकटीनं पुटपुटणं, आणि हे सगळं काही महिने चालू असणं. यातली एखादी गोष्ट सुटी असती तर मी एवढी घाई केली नसती. एकत्र आल्या की सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय हे माणसाला उमगेनासं होतं अशा आजारांच्या गटाची शंका घ्यावी लागते. शंका म्हणतेय, निदान नव्हे. मुलीला न बघता निदान कुणी करूही नये. तीव्र नैराश्यातही असं होतं, थायरॉईड बिघडल्यावर होतं, गांजासारख्या नशेनं होतं, क्वचित मेंदूच्या दुखण्यातही होतं. यातलं काय आहे हे ठरवायला मन आणि शरीर दोन्ही तपासणारा माणूस लागतो. शिवाय सायकोसिस असेल तर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं सोपं जातं. तुम्ही जर लिहिलं असतंत की पेपर अवघड गेल्यापासून ती रडते, पण जेवते, मैत्रिणींशी फोनवर बोलते, स्वतःचं सगळं आवरते, तर मीच म्हटलं असतं की महिनाभर मॅडमकडे जाऊ दे, मग बघू.

आता एकेकाचं काम सांगते.

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. आधी एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यावर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डीपीएम डिप्लोमा. तो मुळात डॉक्टर असतो, हे लोक विसरतात. म्हणून तो थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, साखर बघायला सांगतो, औषध लिहितो, गरज पडली तर भरती करून घेतो. पाटीवर ‘न्यूरोसायकियाट्रिस्ट’ दिसलं तर दचकू नका. बहुतेक वेळा तो मनोविकारतज्ज्ञच असतो. नुसतं ‘सायकियाट्रिस्ट’ लिहिलं की लोक जिना चढायला बिचकतात, म्हणून केलेली ती सोय. न्यूरोलॉजिस्ट मात्र वेगळा. फिट, लकवा, कंपवात हे त्याचं क्षेत्र. पुष्कळ घरं ‘मेंदूचा मोठा डॉक्टर’ म्हणून आधी तिथं जातात, एमआरआय काढतात, तो नॉर्मल येतो आणि ‘काहीच निघालं नाही’ म्हणून निश्चिंत होऊन परततात. या आजारांत एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. त्यावरून मुलगी बरी आहे असं ठरत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं तेही सांगते, कारण भीती त्याचीच जास्त असते. सिव्हिलमध्ये केसपेपर काढून तुम्ही ओपीडीत आलात की आधी एखादा ज्युनियर डॉक्टर किंवा माझ्यासारखी कुणीतरी माहिती घेते. कधीपासून, सुरुवात कशी झाली, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, जेवण किती, झोप किती, पाळी नियमित येते का, जीव द्यायचं कधी बोलली का. मग तुम्हाला बाहेर बसायला सांगून तिच्याशी एकटीशी बोलतात. राग मानू नका. भावासमोर आणि आईसमोर जे तोंडातून निघत नाही, ते तिथं निघतं. गर्दीच्या दिवशी मुख्य डॉक्टरांची भेट दहा मिनिटांत उरकते आणि लोक म्हणतात, ‘ऐकूनच घेतलं नाही.’ ती तक्रार खोटी नाही. त्यावर एकच उपाय मी सगळ्यांना सांगते: जायच्या आदल्या रात्री एका कागदावर तारीखवार लिहून काढा. गणपतीत काय झालं, दसऱ्याला काय, दिवाळीत काय. ‘ती बदलली’ असं लिहू नका. ‘तीन दिवस अंघोळ केली नाही’, ‘ताट सरकवून दिलं’, ‘खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं’ असं, डोळ्यांनी दिसलेलं लिहा. असा कागद हातात असला की दहा मिनिटांतही चांगलं निदान होतं.

औषधांची सवय लागते, मेंदू बधिर होतो, असं मामांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. गंमत अशी की सवय लागायची भीती ज्या गोळीची खरी, ती तुमच्या घरात आधीच आलीय. झोपेच्या बऱ्याच गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांची सवय लागते. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर परत परत आणून लोक वर्षं काढतात. उलट सायकोसिसवरच्या किंवा नैराश्यावरच्या मुख्य औषधांची तशी चटक लागत नाही. त्यांचे दुष्परिणाम असतात, ते मी लपवणार नाही. सुस्ती येते, वजन वाढतं, काहींना हातपाय आखडल्यासारखे वाटतात. हे डॉक्टरांना सांगायचं, औषध किंवा डोस बदलता येतो. गुण यायला काही आठवडे जातात आणि गुण आल्यावर औषध लगेच थांबवायचं नसतं. सगळ्यात जास्त रुग्ण परत आजारी पडतात ते इथंच: मुलगी बरी दिसायला लागली, आता कशाला गोळ्या, म्हणून घरच्यांनी परस्पर बंद केल्या. आणि हो, घरात चालू असलेली झोपेची गोळीही उद्यापासून एकदम तोडू नका. तिचं काय करायचं ते सायकियाट्रिस्टच सांगतील.

गावच्या डॉक्टरांवर राग धरू नका. बऱ्याच आजारांत पहिली ओळख त्यांनाच पटते आणि साधं नैराश्य, घबराट यांवरचे सुरुवातीचे उपचार ते करूही शकतात. त्यांच्याकडून एक पत्र मात्र मागून घ्या, काय दिलं आणि किती दिवस दिलं याचं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नव्हे, गोळ्या लिहीत नाही. पण पाटीवर ‘डॉ.’ असू शकतं, कारण पीएच.डी. झालेली असते. लोकांचा निम्मा गोंधळ त्या दोन अक्षरांनी होतो. त्यानं मानसशास्त्रात एम.ए. करून पुढं रुग्णालयात देखरेखीखाली दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं. अभ्यासक्रमांची नावं अलीकडे बदलतायत, म्हणून डिग्रीच्या नावात अडकण्यापेक्षा भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी बघा. १९९२ च्या कायद्यानं ती परिषद चालते, नोंदणी झालेल्याला नंबर मिळतो आणि तो परिषदेच्या वेबसाइटवर पडताळता येतो. नंबर विचारणं हा अपमान नाही. सरळ माणूस सरळ सांगतो.

त्याचं काम दोन तऱ्हेचं. एक, चाचण्या: बुद्ध्यांक, स्मरणशक्ती, व्यक्तिमत्त्व, मुलांमधली अध्ययन अक्षमता. दुसरं, थेरपी: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीनं बोलून विचारांची आणि वागण्याची गाठ सोडवणं. ओसीडी (तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती), पॅनिक म्हणजे अचानक येणारी घबराट, अनाठायी भीती, मध्यम नैराश्य यांत ही थेरपी फार उपयोगी पडते, कधी कधी गोळ्यांशिवायही भागतं. सायकोसिसमध्ये तिची जागा आहे, पण डोकं थोडं शांत झाल्यावर. जिला आत्ता आवाज ऐकू येत असतील, तिला समोर बसवून तास-तासभर विचारांची उलटतपासणी करणं म्हणजे छळच. म्हणून तुमच्या बहिणीसाठी सायकॉलॉजिस्ट नको असं मी म्हणत नाही, दुसऱ्या पावलाला म्हणते.

काउन्सेलर या शब्दामागे मात्र काहीही असू शकतं. एम.ए. मानसशास्त्र आणि समुपदेशनाचा पूर्ण वेळ डिप्लोमा केलेली, वर्षानुवर्षं मुलांबरोबर काम केलेली बाई असू शकते. शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला गृहस्थही असू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआय आहे. समुपदेशकांसाठी तशी, सामान्य माणसाला सहज पडताळता येईल अशी यादी अजून नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात हा वर्ग घेतलाय, तो रुळेल तेव्हा रुळेल. तोवर विचारायचं: शिक्षण कुठं झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर तुम्ही कुणाकडे पाठवता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. चांगल्या काउन्सेलरकडे एका तरी सायकियाट्रिस्टचं नाव तयार असतं. ‘माझ्याकडे सगळं बरं होतं, गोळ्या आधी बंद करा’ असं म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. लाइफ कोच, हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे, एका बैठकीत संमोहनानं आजार पळवणारे, यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

तुमच्या कॉलेजच्या मॅडमचं काय? त्या वाईट आहेत असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना बहिणीनं पुटपुटण्याचं सांगितलं नसेल, आईनं ऐकलेलं त्यांच्या कानावर गेलं नसेल. फोन करून एवढंच कळवा. पुढं ती बरी होऊन कॉलेजला परत गेली की हजेरी, राहिलेले पेपर, मैत्रिणींत पुन्हा बसणं, या सगळ्यात मॅडमचाच हात लागणार आहे.

आता माझ्या जातीचे लोक. एमएसडब्ल्यू करून वर मनोविकार समाजकार्यात एम.फिल. केलेला तो सायकियाट्रिक सोशल वर्कर. आमच्याबद्दल कुणी विचारतच नाही, कारण आमची वेगळी पाटी नसते. मोठ्या रुग्णालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेले असतो. पण घर सांभाळायचं काम आमचं. आईला वाटतं मुलगी नाटक करते, वडील बोलणंच सोडतात, भाऊ एकटा धावतो, हे चित्र मी इतक्या घरांत बघितलंय की तुमचा मजकूर वाचताना पुढची ओळ आधीच कळत होती. घरात सतत टोचून बोलणं, रागावणं, किंवा उलट तिला तळहातावर ठेवून काहीच करू न देणं, या दोन्हींनी आजार परत उलटायची शक्यता वाढते. मग आम्ही घरच्यांना एकत्र बसवतो. सकाळी उठल्यावर तिनं कुठलं एक काम करायचं, गोळी कुणी द्यायची, ‘त्या मुली माझ्यावरच बोलतात’ म्हणाली तर काय म्हणायचं. वाद घालू नये आणि होकारही भरू नये. ‘तुला भीती वाटतेय ते कळतंय, मी आहे इथं’ एवढं पुरतं. आजार लांबला तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, पेन्शनचे कागद यांत मदत करणंही आमच्याकडेच येतं. सायकियाट्रिक नर्सचंही असंच. वॉर्डात रात्री दोन वाजता रुग्णाशी बोलणारी तीच असते. भरती करावी लागली तर तिच्याशी ओळख ठेवा.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या चारही जणांना, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि मनोरुग्ण परिचारिका यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतो. मानसरोगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टरही त्या व्याख्येत येतात. तरी सायकोसिसची शंका असताना मी पहिली भेट तिकडे ठेवणार नाही. याच कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. ‘नाव झालं तर लग्न कसं जमणार’ ही आईची धास्ती मला समजते, पण रुग्णालयातून गावात कुणी सांगायला येत नाही. गाव न्हाण्याधुण्यावरून आणि रात्रीच्या आवाजावरून ओळखतं, केसपेपरवरून नव्हे.

कुठं जायचं हे अंतरावर, पैशावर आणि भाषेवर ठरतं. बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्सचं रुग्णालय, आणि नेहरूनगरचं केएलई, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. तुम्ही रोज बेळगावला येताच, त्यामुळे मी इथूनच सुरुवात करीन. धारवाडचं डिमहान्स हे या आजारांसाठीचंच सरकारी रुग्णालय. गुंतागुंत वाढली किंवा जास्त दिवस भरती ठेवायची वेळ आली तर मामांचं ऐका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येण्याची सोय आपल्या राज्यात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात केलेली आहे. खानापूरला कुठल्या मंगळवारी येतात ते आशाताईंकडून कळेल. गावापर्यंत ही सेवा न्यायचा प्रयोगही मुळात कर्नाटकातलाच: १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं तो बळ्ळारी जिल्ह्यात केला आणि १९९६ पासून त्याच धर्तीवर देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

सीमाभागातली माणसं कोल्हापूर, मिरज, रत्नागिरीचं मनोरुग्णालय, गोव्यातलं बांबोळी, असं चहूकडे जातात. जाण्यात गैर काही नाही. पण हा आजार एका भेटीचा नव्हे. दर महिन्याला बसभाडं, तुमची रजा, आईचा दिवस, हे वर्षभर झेपेल का याचा हिशेब आधी करा. लांबच्या नामांकित डॉक्टरकडे दोनदा जाऊन थांबण्यापेक्षा जवळच्या साध्या डॉक्टरकडे नेमानं जाणारी घरं जास्त सावरलेली मी बघितलीत.

भाषेचं म्हणाल तर बेळगावच्या दोन्ही रुग्णालयांत मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच. केसपेपर काढतानाच सांगा, आम्हाला मराठीतून बोलायचंय. डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातले असतील तर नर्स किंवा सोशल वर्कर मध्ये बसतात. तुम्हाला कन्नड चांगलं येत असलं तरी दुभाषी तुम्ही होऊ नका. बहिणीचं बोलणं तुमच्या तोंडून गेलं की त्यातला अवघड भाग नकळत गाळला जातो. थेरपीला मात्र तिच्याच भाषेत बोलणारी व्यक्ती हवी, त्यासाठी थोडं लांब जावं लागलं किंवा ऑनलाइन घ्यावी लागली तरी चालेल.

आईला देवऋष्याकडे जाऊ नको म्हणून भांडू नका. अंगारा लावला तर लावू दे. दोन गोष्टींवर अडून राहा: मारहाण, उपास, धुरी, कोंडून ठेवणं चालणार नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून गोळी बंद होणार नाही.

मधल्या दिवसांत ती जीव द्यायचं बोलली, जेवणपाणी पूर्ण सोडलं, कुणावर धावून गेली किंवा ‘आवाज मला अमुक कर म्हणतोय’ असं म्हणाली, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, कॅज्युअल्टीत न्या, १०८ ला फोन करा. शेताचं औषध आजच कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्या खिशात. झोपेच्या गोळ्याही तिच्या हाती पडू देऊ नका. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, भाषा निवडता येते.

नेताना खोटं सांगून नेऊ नका. ‘चल, बेळगावला ड्रेस घेऊ’ म्हणून आणलेली मुलगी ओपीडीची पाटी वाचते आणि पुढच्या वेळी घराबाहेर पाय टाकत नाही. जिला आधीच लोकांवर संशय आहे, तिच्या संशयाला तुम्हीच पुरावा देता. ‘तुला झोप लागत नाही ना, ते डॉक्टरांना दाखवू’ हे खरं आहे आणि तिला पटण्यासारखंही आहे. आईला बरोबर घ्या. सगळे जुने कागद आणि त्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका. नाव आठवत नाही म्हणून ‘छोटी पांढरी गोळी’ एवढंच सांगणारे आमच्याकडे रोज येतात, आणि छोट्या पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत.